सात बोटं जास्त सुतळी

शिंगणापुरात मला राहायला जी खोली मिळाली तिला चौकट होती, दार नव्हतं. त्या गावात घरांना दारं लावत नाहीत हे मी ऐकून होतो, पण ऐकणं वेगळं आणि त्या उघड्या चौकटीकडं बघत पडून राहणं वेगळं. कुत्रं आत शिरू नये म्हणून खाली एक फळी आडवी ठेवायची आणि वरून पडदा सोडायचा, एवढाच बंदोबस्त. पहिला आठवडा मी पिशवी उशाला घेऊन झोपलो. पिशवीत दोन शर्ट, आईचा फोटो आणि लायसन होतं. चोराला त्यातलं नेमकं काय आवडलं असतं, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

मी गोंदियाकडचा. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, पण सांगताना सुटली म्हणतो. पुढं क्लीनर, मग ड्रायव्हर असं करत करत आमच्याकडच्याच एका ड्रायव्हरच्या ओळखीनं इतक्या लांब नगर जिल्ह्यात आलो. ज्यांच्या ट्रकवर लागलो त्यांना सगळे आबा म्हणत. शेतकरी माणूस, थोडा ऊस, थोडा कांदा आणि एक सहाचाकी ट्रक. ते मला नावानं कधी हाक मारत नसत, ‘गोंदिया’ म्हणत. मी प्रत्येक गोष्टीला ‘हो जी’ म्हणायचो त्याचं त्यांना हसू यायचं. काकू, म्हणजे त्यांची मंडळी, मला भाकरी पचत नाही हे न सांगता ओळखून दर गुरुवारी माझ्यासाठी भात लावायच्या. बाकीचे घरचे भाकरीच खायचे. भाताचं पातेलं एकट्यासाठी चुलीवरून उतरतंय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा तिथं पाहिलं. त्यामुळे त्या घराचं मी इतकं देणं लागतो असं मला वाटायचं, की आबा काहीही बोलले तरी मी मान डोलवायचो. पुढचा सगळा घोळ या मान डोलवण्यातूनच झाला.

माझ्या आधीचा ड्रायव्हर काढलेला होता. तो मीटरची केबल सोडून ठेवायचा आणि परस्पर दुसऱ्याचा कांदा वाहायचा. किलोमीटर पडायचेच नाहीत, गाडी कुठं गेली ते कळायचं नाही. पकडला तेव्हा म्हणाला होता, “आबा, मीटरच कमी दाखवतंय.” हे वाक्य गावात म्हणीसारखं झालं होतं. कुणाचं दूध कमी भरलं, कुणाचा ऊस काट्यावर हलका गेला, की पारावरचा एखादा म्हणायचा, मीटरच कमी दाखवतंय, आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. तेव्हापासून आबांनी एक वही केली होती. टाकी फुल करायची, मीटरचा आकडा लिहायचा, परत फुल करताना किती लिटर बसलं ते लिहायचं आणि भागाकार करायचा. गाडी लिटरला सहा देत होती. वर्षभर सहा. तो सहाचा आकडा पाहिला की आबांचा चेहरा सैल व्हायचा आणि माझा जीव भांड्यात पडायचा.

मग टायर बदलायला झाले.

आबांना भिंगारच्या एका दुकानात सहा टायर सापडले. वापरलेले, पण नक्षी अजून खोल. फक्त ते एक नंबर मोठे होते. आमच्या गाडीला आठ-पंचवीसचे टायर होते, हे नऊशेचे. दुकानदार म्हणाला, बसतात, पुष्कळ जण बसवतात. सहाच होते, म्हणून स्टेपनी जुनीच राहिली. बसवून गाडी उभी केली तेव्हा ती एखाद्या पोरीनं आईच्या चपला घातल्यासारखी दिसली. आबा भोवती एक चक्कर मारून आले आणि त्यांनी मला त्यांचं शास्त्र सांगितलं.

“उंच माणूस लांब टांगा टाकतो का न्हाई? बाजारला जायला त्याला पावलं कमी लागत्यात. मग तो दमतो का कमी? तसंच हाय हे. मोठं चाक एका फेऱ्यात लांब जातंय. फेरं कमी, म्हंजी डिझेल कमी.”

मी ‘हो जी’ म्हणालो. मला ते पटलंही होतं. आबांनी नारळ फोडला, टायरांना हार घातले, आणि संध्याकाळपर्यंत उंच माणसाची गोष्ट अर्ध्या गावाला सांगून झाली. गाडी आता सात देईल, असं ते पारावर बोलून बसले.

माझं काम ठरलेलं होतं. सकाळी शिंगणापुरातून निघायचं, घोडेगाव फाट्याला हमरस्ता धरायचा, इमामपूरचा घाट चढून नगरला जायचं, एमआयडीसीतून पेंडीची पोती भरायची आणि मिरजगावकडून आत कर्जतला जाऊन दुकानांतून उतरवायची. मला धास्ती घ्यायची सवय असल्यामुळे या वाटेवरची सगळी अंतरं तोंडपाठ होती. फाटा ते घाट किती, घाट ते जकात नाका किती, मीटरकडं न बघता सांगायचो. नवे टायर घातल्यावर दुसऱ्याच दिवशी माझ्या ध्यानात आलं, की कर्जतला पोचलो तेव्हा मीटरवर रोजच्यापेक्षा पाचेक किलोमीटर कमी पडलेत. रस्ता तोच. मी तोच. कर्जतही जागेवरच होतं.

मी हे आबांना सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे काय म्हणायचं? आबा, मीटरच कमी दाखवतंय.

पुढच्या भरतीला वहीत साडेपाच आला. आबांनी भागाकार पुन्हा केला. मग काकूंकडून करून घेतला. त्यांचाही साडेपाचच आला.

“नवं टायर हाय, बसायला येळ लागतो,” आबा म्हणाले.

त्या पुढच्या वेळीही साडेपाच. मग आबा काही म्हणाले नाहीत, आणि ते मला जास्त लागलं. सात होणार म्हणून सांगितलेली गाडी साडेपाच देत होती. पारावर लोक विचारायला लागले होते, उंच माणूस दमला का म्हणून. आबांचं शास्त्र चुकलं असेल असं आबांना वाटणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं नव्हतं. उंच माणसाच्या गोष्टीत चूक दिसत नव्हती. शास्त्र बरोबर, गाडी बरोबर, म्हणजे राहिलो मी.

मी डिझेल काढलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं, पण वहीतला आकडा इतका ठामपणे दुसरं सांगत होता की मी स्वतःवर नजर ठेवायला लागलो. जेवायला गाडी उभी केली की टाकी दिसेल असं बसायचो. माझ्याकडं पाच लिटरचा एक निळा कॅन होता, हात-पाय धुवायच्या पाण्याचा. तो उघड्या खोलीत सगळ्यांना दिसायचा. कुणाला संशय नको म्हणून मी त्याच्यावर खडूनं ‘पाणी’ असं लिहिलं. मग वाटलं, चोरानं नेमकं हेच लिहिलं असतं. पुसून टाकलं. पुसल्याची खूण राहिली, ती आणखी वाईट दिसत होती. शेवटी कॅन काकूंच्या मोरीत नेऊन ठेवला. काकूंनी विचारलं नाही, पण त्या दिवशी वाढताना ‘अजून एक घे’ म्हणाल्या नाहीत. त्या घाईत होत्या असं आता वाटतं. तेव्हा मला वाटलं, झालं, संपलं आपलं.

नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. पण ज्या गावात दारं नाहीत, तिथून चोर म्हणून काढलेला ड्रायव्हर, हे जन्माला चिकटलं असतं. शेजारच्या गावचे लोकही म्हणाले असते, अरे, शिंगणापुरात केलीस? कुठंच करायला नको होती, पण तिथं केलीस? आणि गोंदियाला आईला काय सांगणार होतो?

एका सोमवारी आबा नगरहून कुलूप घेऊन आले. डिझेलच्या टाकीच्या झाकणाला लावायचं कुलूप मिळतं, तसलं. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. पण आबांची अडचण माझ्यापेक्षा मोठी होती. गावात कुलूप लावायचं नाही, ही त्यांच्या आज्या-पणज्यापासूनची चाल. ट्रक रात्रभर त्यांच्या अंगणात उभा असायचा. टाकीला कुलूप लावलं तर ते अंगणात कुलूप लावल्यासारखंच झालं. पूर्ण एक दिवस ते कुलूप ओसरीवर कागदात पडून होतं आणि आबा त्याच्याकडं बघत होते. मग त्यांनी तोड काढली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी मी ट्रक घेऊन निघालो की मागून आबा मोटारसायकलवर यायचे. गावची शीव ओलांडून आम्ही फाट्यावर थांबायचो. आबा उतरायचे, टाकीला कुलूप लावायचे, किल्ली बंडीच्या आतल्या खिशात टाकायचे आणि परत जायचे. संध्याकाळी मी फाट्यावर येऊन थांबायचो, आबा यायचे, कुलूप काढायचे, आणि मग गाडी बिनकुलपाची गावात शिरायची. डिझेल भरायचं तेही फाट्याजवळच्या पंपावर, आबांच्या समोर. शनिवारी गावात दर्शनाची एवढी गर्दी व्हायची की ट्रक बाहेर काढायचाच नाही, तेवढी सुट्टी आम्हा दोघांना.

हे सगळं चालू असताना आबा मला कधी चोर म्हणाले नाहीत. कुलूप लावताना म्हणायचे, “हल्ली रस्त्यावर लोक लई वंगाळ झाल्यात.” मी म्हणायचो, “हो जी.” आम्ही दोघं रस्त्यावरच्या लोकांबद्दल बोलत असल्यासारखं करायचो. फाट्यावरचा चहावाला हे रोज बघायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं आबांना विचारलं, “आबा, शिवेला पूजा मांडली का काय?”

कुलपाचे पहिले दहा दिवस गेले. आबांनी स्वतः उभं राहून टाकी फुल केली आणि पंपावरच, सीटवर वही ठेवून भागाकार केला. साडेपाच.

मला वाटलं होतं मी सुटलो. पण आबा खाली वाकून टाकीपासून इंजिनाकडं जाणारी नळी चाचपत होते. नळी सोडूनही डिझेल काढता येतं. ते मला ठाऊक होतं हे त्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक नसतं तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात कर्जतला पोती उतरून झाल्यावर मी रिकामा बसलो होतो. हमाल पोत्यांची तोंडं शिवायच्या सुतळीचा गुंडा तिथंच टाकून चहाला गेले होते. मला शाळा आठवली. आठवीत आमच्या गुरुजींनी ताटाभोवती दोरा गुंडाळून, मग तो सरळ करून मोजायला लावला होता. पुढं फळ्यावर काहीतरी सूत्र लिहिलं, ते माझ्या लक्षात राहिलं नाही. त्यानंतर पंधरा दिवसांत मी शाळेत नव्हतो. पण दोरा लक्षात राहिला होता. मी सुतळी घेतली, पुढचं चाक जॅकवर उचललं आणि नव्या टायरच्या मधल्या नक्षीवरून एक वेढा घालून तोडली. मग पोटाखाली टांगलेली स्टेपनी सोडवून बाहेर काढली, ती जुन्या मापाची होती, तिच्याभोवती वेढा घालून दुसरी तोडली. दोन्ही जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या. एक दुसरीपेक्षा सात बोटं जास्त भरली.

चाक एकदा फिरलं की गाडी सात बोटं जास्त पुढं जात होती, आणि मीटरला त्याचा पत्ताच नव्हता. ते बिचारं फेरे मोजत होतं आणि प्रत्येक फेरा जुन्या चाकाचा धरत होतं. आबांचं शास्त्र खरं होतं. फेरे कमी लागत होते. फेरे कमी लागत होते म्हणूनच किलोमीटर कमी पडत होते.

मी दोन्ही सुतळ्यांची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवल्या आणि पुढचे अकरा दिवस तशाच ठेवल्या. रोज फाट्यावर आबा कुलूप लावायला वाकले की माझा हात खिशाकडं जायचा. पण बोलायचं म्हटलं की वाक्य तेच यायचं, मीटरच कमी दाखवतंय. सुतळी दाखवून म्हटलं तरी तेच.

शेवटी आबाच बोलले. त्यांनी पुढच्या फेरीला स्वतः येतो म्हणून सांगितलं. शेजारी बसून ते काय मोजणार आहेत ते मला कळेना. मोबाईलवर अंतर कळतं हे त्यांना मान्य नव्हतं. दर शनिवारी मोबाईल बघत येणारे मोटारवाले भाविक त्यांच्या उसात शिरायचे, त्यामुळे मोबाईलबद्दल त्यांचं मत झालेलं होतं. त्यांचा विश्वास रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर होता. एका खिशात त्यांनी चिंचोके भरले होते. मीटरचा आकडा तळहातावर बॉलपेननं लिहून घेतला, फाट्याजवळच्या दगडापासून सुरुवात केली, आणि दगड गेला की एक चिंचोका या खिशातून त्या खिशात.

आम्ही बोललो नाही. बोललं तर दगड चुकला असता. एका ठिकाणी कुणीतरी दगड उडवलेला होता, तिथं त्यांनी अंदाजानं चिंचोका टाकला आणि माझ्याकडं पाहिलं, मी मान डोलवली. घाटात मला तिसरा गिअर टाकावा लागला.

“हितं आधी चौथ्यावर जायची ना?” आबांनी विचारलं. मोजणी सुरू झाल्यापासूनचं ते पहिलं बोलणं.

“हो जी. मोठ्या चाकावर ओढत नाही आता. टायर जडपण आहेत.”

एमआयडीसीत पोती भरली, तिथल्या बिनदगडाच्या रस्त्याचे किलोमीटर आबांनी तळहातावर वेगळे लिहिले, आणि सोलापूरचा रस्ता लागला. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला आणि मी गाडी बाजूला घेतली. त्यांनी दुसऱ्या खिशातले चिंचोके मांडीवर काढून मोजले, मग पुन्हा मोजले. साठ. मग वाकून मीटर वाचलं, तळहातावरचे आकडे वजा केले. साडेसत्तावन्न.

त्यांनी तळहात मीटरजवळ धरून वजाबाकी पुन्हा केली. मग म्हणाले, “गोंदिया, मीटरच कमी दाखवतंय.”

मी हसलो नाही. तेही हसले नाहीत. मी खिशातून दोन्ही सुतळ्या काढल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. एक स्टेपनीची, एक चाकाची, एवढंच सांगितलं. सुतळ्या घामानं काळ्या झाल्या होत्या. आबांनी दोन्हींची टोकं जुळवून त्या हात-हात करत शेवटापर्यंत ताणल्या, वरची सात बोटं स्वतःच्या बोटांनी मोजली. त्यांची सहाच भरली, बोटं जाड होती.

“कवा मापलं हे?”

“अकरा दिवस झाले.”

“मग मुका हुतास का एवढं दिस?”

मी म्हणालो, आधीचा ड्रायव्हर हेच म्हणाला होता. आबांनी चिंचोके परत खिशात भरले. वही काढून मांडीवर ठेवली. मागच्या भरतीला मीटरवर चारशे चाळीस पडले होते आणि ऐंशी लिटर बसलं होतं. मीटरचे साडेसत्तावन्न म्हणजे खरे साठ, या हिशेबानं चारशे चाळीसचे चारशे साठला एक कमी झाले. त्याला ऐंशीनं भागलं. पावणेसहाच्या आसपास.

म्हणजे माझ्या अंगावरची निम्मी चोरी तिथंच उतरली. निम्मी राहिली. साडेपाचाचे पावणेसहा झाले, पण सहा झाले नाहीत. आबांनी वही मिटली. कर्जतपर्यंत आणि कर्जतहून परत येईपर्यंत ते खिशातले चिंचोके चाळवत बसले होते. मी बोलायला हवं होतं, की घाटात गिअर उतरवावा लागतो, जड टायर जागेवरून हलवायला जास्त जोर लागतो, लिटरमागं पाव किलोमीटर तिथं जात असेल. पण तेवढ्यासाठी माझ्याकडं सुतळी नव्हती. फाट्यावर त्यांनी कुलूप काढलं आणि आम्ही गावात गेलो. गुरुवार होता. भात होता. काकूंनी दोनदा वाढला. मी त्याचा अर्थ लावायचा नाही असं ठरवलं आणि लावत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाट्यावर येऊन थांबलो. आबा आले नाहीत. चहावाल्यानं न सांगता चहा दिला. अर्धा तास गेला, पाऊण गेला. माझ्या मनात पुढचं सगळं होऊन गेलं: आबा माझी पिशवी बाहेर काढून ठेवत असतील, चौकटीतून काढायला वेळही लागणार नाही. शेवटी फोन केला.

“कुठं हायेस?” आबांनी विचारलं.

“फाट्यावर.”

“अजून? पोती कोण भरनार?”

“कुलूप लावायचं राहिलंय, आबा.”

पलीकडून विहिरीवरच्या मोटारीचा आवाज येत होता. आबा मळ्यात होते. त्यांचा एक मळा शिवेबाहेर होता.

“कुलूप हितं पेटीला लावलं, इस्टार्टरच्या. तू जा.”

मी जायला हवं होतं. पण माझा स्वभाव आड आला. मी म्हणालो, “आबा, पाव अजून बसत नाही. सहाला पाव कमी आहे.”

आबांनी उलट विचारलं, “टायर कुनी आनलं?”

“तुम्ही.”

“मग पाव टायरनं खाल्लं. त्ये माझं हाय. तू कशाला वागवतोस?”

मी ‘हो जी’ म्हणालो आणि गाडी सुरू केली.

ते टायर झिजेपर्यंत आम्ही वापरले, आणखी वर्ष-दीड वर्ष. वहीत आबांनी तिसरा रकाना आखला, त्याच्यावर ‘दगडाचे’ असं लिहिलं. मीटरचे इतके, दगडाचे इतके. पारावर उंच माणसाबद्दल कुणी विचारलं तर ते सांगायचे, उंच माणूस कमी पावलं टाकतो हे खरंच हाय, पन चढाला त्याला भाकरी जास्त लागती. निळा कॅन मी मोरीतून परत आणला. फाट्यावर मात्र मी पुढंही बरेच दिवस रोज सकाळी थांबायचो, एक मिनिटभर, इंजिन चालू ठेवून. चहावाला लांबूनच हात हलवून मला पुढं काढायचा.